येना गावची काच

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतात एका अरुंद खोऱ्यात येना हे गाव वसले आहे. इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार 'जेना' असा होतो. तद्देशीय लोक 'येना' म्हणतात. वस्ती एक लाखाहून थोडी अधिक, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढीच म्हणावयाची. इतिहास शिकलेल्यांस हे नाव नेपोलियनमुळे ठाऊक असते. १८०६ साली त्याने प्रशियाच्या सैन्याचा येथेच धुव्वा उडविला. तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांस ते हेगेलमुळे ठाऊक असते. परंतु रसायनशाळेत काम केलेल्या, भिंगातून जंतू पाहिलेल्या किंवा ताप मोजलेल्या प्रत्येक मनुष्याचा ह्या गावाशी जो संबंध आला आहे, तो काचेच्या द्वारे होय. काच म्हणजे वाळू वितळवून केलेला ठिसूळ पदार्थ, एवढीच समजूत ज्यांची असेल त्यांनी हे गाव अवश्य पाहावे.

आमचे चिरंजीव लाइप्झिग येथे नोकरीस आहेत. त्यांच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा एके दिवशी आम्ही उभयतांनी येन्याची वाट धरली. लाइप्झिगहून आगगाडीने एका तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. शेवटचा मार्ग नदीच्या काठाकाठाने जातो. नदीचे नाव 'झाले'! सारा जन्म मुलांना क्रियापदे चालविण्यास शिकविण्यात गेल्यामुळे हे नाव ऐकून आम्हांस हसू आवरले नाही. गाडीतून उतरलो त्या स्थानकाचे नाव तर 'पॅराडीस', म्हणजे स्वर्ग. नदीकाठच्या जुन्या बागेवरून ते पडले आहे. दोन्ही बाजूंस चुनखडीचे पांढुरके कडे आणि मध्ये गर्द झाडी. नाव अगदीच अस्थानी वाटले नाही.

संस्कृताच्या विद्यार्थ्यास ह्या गावाचे आणखी एका कारणाने अगत्य वाटते. ज्यास आपण पीटर्सबर्ग कोश म्हणतो, त्या सात खंडांच्या संस्कृत-जर्मन महाकोशाचा कर्ता ओटो ब्योटलिंक हा १८६८ पासून १८८५ पर्यंत येन्यासच राहत होता. रोट ह्या पंडिताच्या साहाय्याने चालविलेले ते काम १८७५ साली पुरे झाले. आपली सात हजारांहून अधिक सुभाषिते वेचून जर्मन भाषांतरासह छापणाराही हाच. आता योगायोग पाहा. ज्या १८७५ साली कोशाचा अखेरचा खंड बाहेर पडला, त्याच साली येन्याच्या विद्यापीठाने ओटो शॉट नामक एका तरुणास डॉक्टर ही पदवी दिली. त्याच्या प्रबंधाचा विषय होता काच तयार करण्याची उपपत्ती आणि प्रत्यक्ष कृती. एकाच गावात एक ओटो आपल्या पूर्वजांचे शब्द पारखीत होता आणि दुसरा काच पारखण्याच्या तयारीत होता.

आपल्या वाङ्मयात काचेची प्रतिष्ठा फारशी नाही. सुभाषितकारांनी तिला नेहमी रत्नाच्या शेजारी बसविले, ते तिचा हीनपणा दाखविण्याकरिता. आयुर्वेदात 'काच' हे डोळ्याच्या एका विकाराचे नाव आहे. मात्र अमरकोशाने एक मार्मिक गोष्ट टिपून ठेवली आहे. त्याने 'क्षार' हा काचेचा पर्याय म्हणून दिला आहे. वाळू एकटी वितळवावयाची तर फार प्रचंड उष्णता लागते. तीत सोडा किंवा पोटॅश ह्यांसारखा क्षार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेत पाघळते. केवळ क्षार घातला तर ती काच पाण्यात विरघळेल, म्हणून चुनखडी घालावयाची. वाळू, क्षार आणि चुना ह्या तिघांवर काचेचा संसार हजारो वर्षे चालला. झळाळी व जडपणा हवा असेल तेथे शिसे घालीत. ह्यापलीकडे भट्टीवाल्यांचे ज्ञान गेले नव्हते. बापाने मुलास सांगावे, मुलाने नातवास. आणि घाण साधला तर काच उत्तम, बिघडला तर दैवाला बोल लावावा!

ही दैवाधीन विद्या येन्यात मनुष्याच्या हाती आली. ते कसे घडले हे समजण्यास तीन माणसांची ओळख करून घेतली पाहिजे.

पहिला कार्ल झाइस. हा शेजारच्या वायमार गावचा. १८४६ साली त्याने येन्यात एक लहानसे दुकान थाटले आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे करू लागला. हाताचा मोठा कसबी. सदोष उतरलेले यंत्र तो स्वतः हातोड्याने फोडून टाकीत असे, अशी आख्यायिका आहे. परंतु त्या काळी भिंगे जमविण्याची रीत म्हणजे एक बसवून पाहावे, नाही जमले तर दुसरे लावावे, अशी होती. ह्याने झाइसचे समाधान होईना. हाताच्या कसबास गणिताची जोड पाहिजे हे त्याने ओळखले आणि १८६६ साली विद्यापीठातील एका तरुण अध्यापकास गाठले.

तो दुसरा पुरुष एर्न्स्ट आबे. ह्याचा बाप सूतगिरणीतला मजूर. दिवसाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास तो उभ्याने काम करी. लहानगा एर्न्स्ट दुपारी बापाचे जेवण घेऊन जाई, आणि यंत्र न थांबविता, टेकून उभ्याउभ्याच बाप ते घाईघाईने कसे संपवी, हे पाही. ही आठवण आबेने पुढे स्वतःच सांगितली आहे. गणित शिकून तो अध्यापक झाला, आणि झाइसच्या दुकानात येऊन त्याने भिंगांची उपपत्ती बसविली. प्रकाशाच्या साहाय्याने किती सूक्ष्म वस्तू वेगळी दिसू शकेल, ह्याची सीमा त्याने १८७३ साली ठरविली. ती साधारणपणे प्रकाशलहरीच्या लांबीच्या निम्मी असते. एका मिलिमीटरचे पाच हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी. ते सूत्र येन्यात एका स्मारकशिळेवर कोरलेले आहे. देवळाच्या भिंतीवर शिलालेख वाचावा त्या भावनेने आम्ही ते वाचले. ही सीमा वळसा घालून ओलांडण्याची युक्ती पुढे निघाली व २०१४ साली तीस नोबेल पारितोषिक मिळाले. तरी सीमा कोणती हे आधी ठाऊक झाले म्हणूनच वळसा घालता आला.

गणित पुरे झाले तेव्हा आबेस नवाच अडसर आढळला. भिंगातून प्रकाश वळतो तसाच तो थोडाथोडा फाकतोही, आणि म्हणून चित्राच्या कडेस इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. हा दोष घालविण्यास दोन निराळ्या जातींच्या काचा जोडाव्या लागतात. पण जुन्या काचांत प्रकाश अधिक वळविणारी काच त्यास अधिक फाकवीतही असे. हे दोन गुण एकमेकांपासून सुटे करता येईनात. त्यामुळे थोडा रंग राहूनच जाई. सूक्ष्मदर्शकाची पुढील प्रगती आता काच करणाराच्या हाती आहे, असे आबेने छापून प्रसिद्ध केले.

ते वाचून १८७९ साली ओटो शॉटने त्यास पत्र लिहिले. हा तिसरा पुरुष. ह्याच्या घरी खिडक्यांच्या काचा करण्याचा पिढीजात धंदा. भट्टीच्या धगीत वाढलेला आणि वर रसायनशास्त्र शिकलेला असा हा मनुष्य. लिथियम घालून केलेल्या काचेचा नमुना त्याने आबेकडे धाडला. ती काच कामाची ठरली नाही, पण नमुना पाठविणारा कामाचा ठरला. १८८२ साली शॉट येन्यास येऊन राहिला आणि १८८४ साली झाइस, त्याचा मुलगा, आबे व शॉट ह्यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा उघडली.

शॉटची पद्धत सांगावयास सोपी व आचरावयास कठीण. लहान लहान मुशींत घाण घालावा, एका वेळी एकच द्रव्य बदलावे, आणि जी काच निघेल तिचे गुण मोजून लिहून ठेवावे. टाकणखारातले बोरॉन, फॉस्फरस, बेरियम अशी अनेक द्रव्ये त्याने काचेत घालून पाहिली. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यादीत चव्वेचाळीस काचा होत्या; त्यांपैकी एकोणीस सर्वस्वी नव्या. प्रकाश पुष्कळ वळविणारी पण थोडा फाकविणारी काच आता मागणीनुसार मिळू लागली. अमुक गुण हवा तर अमुक द्रव्य अमुक प्रमाणात, असे काचेचे व्याकरणच सिद्ध झाले म्हणावयाचे.

ह्या भिंगांनी जगाचे किती हित केले ते सांगावयास नकोच. क्षयाचा जंतू १८८२ साली शोधून काढणारे डॉक्टर रॉबर्ट कॉख हे झाइसचीच यंत्रे वापरीत. तेच कॉख १८९७ साली प्लेगच्या शोधार्थ मुंबईस आले होते. ज्या घरांतून त्या साथीच्या आठवणी आजीच्या तोंडून खाली उतरल्या आहेत, त्यांस येन्याचे हे गाव आता तितकेसे परके वाटणार नाही.

भिंगांहून घराजवळची दुसरी शाखा आहे. बोरॉन घातलेली काच तापविली असता फारच थोडी फुगते, साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांश. काच तडकते ती उष्णतेने नव्हे. एक बाजू फुगते व दुसरी फुगत नाही, ह्या ओढाताणीने तडकते. फुगणेच कमी केल्यावर ओढाताणही कमी झाली. प्रथम ह्या ज्ञानाचा उपयोग तापमापकांस झाला. पुढे १८९०च्या दशकात ग्यासबत्तीच्या काचा येन्यात होऊ लागल्या, आणि शास्त्रज्ञांच्या भिंगांपेक्षा ह्या काचांवरच कारखान्याची खरी भरभराट झाली. ग्यासबत्तीच्या काचेवर पावसाचा थेंब पडून ती फटकन् फुटल्याचे ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ह्या यशाचे मर्म उमगेल.

आणि मग ही काच स्वयंपाकघरात शिरली. वायमार येथे बाउहाउस नावाची कलाशाळा १९१९ साली निघाली होती. वस्तूचे रूप तिच्या कामातून उमलावे, वरून चिकटवू नये, असे तेथील मत. त्या शाळेत शिकलेला विल्हेल्म वागेनफेल्ड हा मूळचा चांदीकाम करणारा. शॉटचा मुलगा एरिक ह्याने त्यास येन्याच्या कारखान्याकरिता बोलाविले, आणि १९३१ साली त्याने काचेची एक चहादाणी घडविली. ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. आम्हांस येन्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तशीच एक पाहावयास मिळाली. बुटकी, गोल, पातळ अंगाची. आत चहाची पत्ती ठेवण्यास काचेचीच गाळणी. कोठे फूल नाही, वेल नाही. आम्ही तिच्या इतिहासाचा विचार करीत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी ती हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चहाचा रंग बाहेरूनच दिसेल. झाकण उघडून डोकवावयास नको, आणि खरवडावयास कोपराही नाही." कलेच्या ग्रंथांत ह्या चहादाणीवर बरेच लिहिलेले असेल, एवढ्या थोड्या शब्दांत तिचे मर्म क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता ज्या गोष्टीकरिता हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळू. १८८८ साली झाइस वारला. आबे तोवर मोठा धनवान झाला होता. त्याने १८८९ साली एक न्यास स्थापिला, त्यास स्वतःचे नाव न देता दिवंगत भागीदाराचे दिले, आणि १८९१ साली कारखान्यातले आपले स्वामित्व त्या न्यासास देऊन टाकले. म्हणजे कारखान्यास मालकच उरला नाही. नफा यावयाचा तो कारखान्याच्या वाढीस, कामगारांच्या हितास आणि येन्याच्या विद्यापीठास. १८९६ साली त्याने न्यासाचे नियम लिहिले. कामगारांस निवृत्तिवेतन, पगारी सुट्टी व नफ्यात वाटा. नेमणूक करताना कुळ, धर्म व राजकीय मत पाहावयाचे नाही. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचे वेतन सामान्य कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दसपटीहून अधिक नसावे. १९०० साली कामाचा दिवस आठ तासांचा झाला. बापाला उभ्याने जेवताना पाहिलेल्या मुलाने हे लिहिले, हे ध्यानात धरावे. त्याने ह्या गोष्टी दान म्हणून दिल्या नाहीत. कामगाराने मागता येतील अशा हक्कांच्या स्वरूपात त्या लेखी बांधून ठेवल्या.

त्याच्या न्यासाने बांधलेले लोकगृह १९०३ साली उघडले. त्यात सर्वांस मोकळे वाचनालय होते. समोरच्या चौकात आबेचे स्मारक आहे, एक अष्टकोनी लहानसे मंदिर. हेन्री व्हान द व्हेल्ड ह्या शिल्पज्ञाने ते उभारले. आत आबेचा अर्धपुतळा आहे आणि भिंतींवर कॉन्स्टँटिन म्यूनिए ह्याने घडविलेली उठावाची चित्रे आहेत. त्या चित्रांत देव नाहीत, राजे नाहीत; कष्ट करणारी माणसे आहेत. आम्ही तेथे बराच वेळ बसलो.

तेथून थोड्या अंतरावर तारामंडळ आहे. भिंगांच्या योगे घुमटावर ताऱ्यांचे चित्र पाडून आकाश फिरविण्याचे यंत्र झाइसच्या कारखान्यातच प्रथम घडले, आणि येन्याचे तारामंडळ १९२६ साली उघडले. आजही चालू असलेल्या तारामंडळांत ते सर्वांत जुने होय. यंत्रे कालमानाने बदलली, घुमट तोच आहे.

हे सारे वाचून येना म्हणजे सत्ययुग, असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात ह्याच कारखान्यांतून परदेशांतून धरून आणलेल्या माणसांकडून बळजबरीने काम करविले गेले. आबेचे नियम त्या वेळी त्यांच्या उपयोगी पडले नाहीत. १९४५ च्या एप्रिलात अमेरिकन सैन्य आले. ते जूनअखेर परतताना झाइस व शॉट ह्यांच्या शंभराहून अधिक निवडक तज्ज्ञांस आपल्याबरोबर पश्चिमेस घेऊन गेले. मागून रशियन आले, त्यांनी १९४६ साली यंत्रे उपसून नेली आणि कित्येक तज्ज्ञही नेले. पश्चिमेस गेलेल्यांनी ओबरकोखेन येथे झाइस व माइन्त्स येथे शॉट नव्याने उभे केले. येन्यातले कारखाने सरकारजमा झाले, पण मागे राहिलेल्यांनी तेही पुन्हा चालते केले. एकाच नावाचे दोन भाऊ पुढे कित्येक वर्षे नावाच्या हक्कासाठी न्यायालयांत भांडत राहिले. जर्मनी एक झाल्यावर १९९१ साली ते पुन्हा एकत्र आले. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस ह्या कथेचा अर्थ निराळा समजावून द्यावयास नको.

आज माइन्त्सच्या शॉटमध्ये उष्णतेने जवळजवळ फुगतच नाही अशी काचसदृश वस्तू होते. चिली देशात उभारल्या जाणाऱ्या प्रचंड दुर्बिणीचा एकोणचाळीस मीटरांचा मुख्य आरसा तिच्याच ७९८ तुकड्यांचा आहे. येन्यात १९९३ पासून वितळलेल्या कथिलावर तरंगवून बोरॉनयुक्त काचेचे सपाट तक्ते करितात. विद्यापीठात शॉटच्या नावाची पदार्थसंशोधनसंस्था आहे. आणि आपल्या घरापर्यंत येणारा धागा असा : लस ज्या लहान कुप्यांत भरतात त्याही ह्याच जातीच्या काचेच्या, कारण ती औषधात आपला अंश सहसा उतरू देत नाही. अशा कुप्या भारतात करणाऱ्या शॉटच्या मंडळीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२१ साली निम्मी भागी घेतली. १८८४ सालच्या त्या मुशींतली विद्या आज आपल्या नातवंडांच्या दंडापर्यंत येऊन पोहोचली आहे.

अमरकोशाकडे पुन्हा एकदा जाऊ. तेथे 'विज्ञान' हा शब्द शास्त्र आणि शिल्प ह्या दोहोंच्या ज्ञानास लाविला आहे. अमरसिंहाने दोन्ही एका पंक्तीस बसविली. आपण मात्र त्यांची पाने निरनिराळी मांडली. आमच्यासारख्या घरांतून शास्त्र पाठ करावयाचे, आणि शिल्प ज्याचे त्याने भट्टीपाशी, हातमागापाशी करावे, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. पाठ करणाऱ्यास हात नाही आणि हात असणाऱ्यास पाटी नाही. काच आपल्या देशात प्राचीन काळापासून होत आली, तिचे मणी होत आले, बांगड्या होत आल्या. परंतु गणिती, कारागीर आणि भट्टीवाला हे तिघे एका बाकावर बसले ते झाले नदीच्या काठी. बसले एवढेच नव्हे, तर एकाने दुसऱ्याचा वाटा लेखी मान्य केला.

ह्यापुढे घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुस्तक मिटून सुतारशाळेत, भट्टीवर, भिंगे घासण्याच्या कामावर जावयाचे म्हणेल, तेव्हा वडील मंडळींनी 'एवढे शिकून हे?' असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि ज्या घरी भट्टी आहे तेथल्या मुलास पुस्तकाची वाट आपणहून दाखवावी. शॉट अशाच घरचा होता.